एचडीएसडीआर की एसडीआर प्लस प्लस? जुन्या-नव्या रेडिओ सॉफ्टवेअरची तुलना घरी कशी करावी

आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत खोचून संगणकाचा रेडिओ करणारं छोटं यंत्र) हातात आला की काही दिवसांतच प्रश्न पडतो, सॉफ्टवेअर कुठलं लावायचं? मुरलेले हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, म्हणतात एचडीएसडीआरला तोड नाही; नवी मंडळी एसडीआर प्लस प्लसशिवाय बोलत नाहीत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. गोची एवढीच की बहुतेक जण सकाळी एक लावून बघतात आणि रात्री दुसरं. तोवर हवेतले सिग्नल बदललेले असतात, गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) हललेला असतो आणि शेजाऱ्यांकडे स्वस्तातले एलईडी दिवे लागलेले असतात. ही तुलना सॉफ्टवेअरची नव्हे. दोघांना एकच रेकॉर्डिंग ऐकवा, मग काय ते ठरवा.

थोडी पार्श्वभूमी. एचडीएसडीआर हे इटलीच्या आल्बेर्तो दि बेने यांच्या विनरॅड या जुन्या प्रोग्रामचं वंशज. त्या काळात रेडिओचा सिग्नल साउंडकार्डातून संगणकात शिरायचा. एक्सटीआयओ नावाची डीएलएल फाइल टाकून हार्डवेअर जोडायची पद्धतही विनरॅडचीच. २०१२ च्या सुमारास रिअलटेकच्या आरटीएल२८३२यू चिपचे टीव्ही डोंगल रेडिओ म्हणून वापरता येतात हे उघड झालं, आणि तेही याच वाटेने एचडीएसडीआरला जोडले गेले. एसडीआर प्लस प्लस त्यामानाने कालचं पोर: मुक्त स्रोत, विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे चालणारं, पडदा रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकणारं.

१. दोन्ही बसवून घ्या

विंडोजवर आधी झॅडिग नावाच्या छोट्या प्रोग्रामने ड्रायव्हर बसवायचा. ऑप्शन्समध्ये 'लिस्ट ऑल डिव्हाइसेस'वर खूण करा, यादीतून 'बल्क-इन, इंटरफेस' आणि त्यापुढे शून्य लिहिलेलं नाव निवडा, मग ड्रायव्हर म्हणून विनयूएसबी. नाव नीट वाचून निवडा, कारण त्याच यादीत तुमचा माउस आणि कीबोर्डही असू शकतो.

एचडीएसडीआर ३२ बिटचा प्रोग्राम आहे. त्यामुळे आरटीएलची एक्सटीआयओ फाइलही ३२ बिटचीच लागते, आणि ती त्याच्याच फोल्डरात टाकावी लागते. डोंगल व्ही४ (चौथी आवृत्ती) असेल तर जुनी फाइल चालत नाही, व्ही४ ओळखणारी नवी आणा. एसडीआर प्लस प्लसला हे सोपस्कार नाहीत. झिप उलगडली की काम झालं, मात्र विंडोज ६४ बिटचं हवं. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर ग्राफिक्सपायी अडखळण्याची शक्यता असते. तसं झालं तर तुलना तिथेच संपली, एचडीएसडीआर वापरा.

२. एक मिनिट रेकॉर्ड करा

रेकॉर्डिंग एचडीएसडीआरमध्ये करू. सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने घ्यायचे ते) २.०४८ मेगा ठेवा आणि मधली वारंवारता, म्हणजे 'एलओ', १०१.५ मेगाहर्ट्झ. या पट्ट्यात पुण्याला आकाशवाणीचं १०१ आणि मुंबईला १००.७ येतं. इतर गावांत आपापल्या ओळखीचं स्टेशन धरा, पण ते अगदी कडेला नको.

एजीसी, म्हणजे गेन आपोआप बदलणारी सोय, बंद करून गेन हाताने लावा. हळूहळू वाढवत न्या. स्टेशनं वर सरकायची थांबली आणि खालची गोंगाटाची रेषाच वर येऊ लागली, किंवा नसलेल्या जागी भुतासारखी स्टेशनं दिसू लागली, की दोन पायऱ्या मागे या. हा डोंगल ८ बिटचा आहे, जास्त ताणला की लगेच बिघडतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये शिरलेला बिघाड नंतर कुठलंही सॉफ्टवेअर काढू शकत नाही.

रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये फक्त 'आरएफ' निवडा आणि मिनिटभर चालू द्या. १६ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये दर सेकंदाला साधारण ८.२ मेगाबाइट जातात, म्हणजे मिनिटाला ४९० च्या आसपास. डिस्कवर जागा बघून ठेवा.

३. तीच फाइल दोघांना द्या

एचडीएसडीआर स्वतःची फाइल बिनतक्रार उघडतं. एसडीआर प्लस प्लसमध्ये 'सोर्स'च्या यादीतून 'फाइल' निवडायचं. इथे एक बारीक अडचण येते. एचडीएसडीआर फाइलच्या नावात वारंवारता किलोहर्ट्झमध्ये लिहितं, तर एसडीआर प्लस प्लस नावात हर्ट्झमधला आकडा शोधतं. तो सापडला नाही तर मधली वारंवारता शून्य धरली जाते, आणि आवाज नीट येत असूनही पट्टीवरचे आकडे भलतेच दिसतात. फाइलची एक प्रत काढा आणि नावाच्या शेवटी १०१५००००० हा आकडा, त्याला चिकटून हर्ट्झची दोन इंग्रजी अक्षरं जोडा. आकडाही इंग्रजी अंकांतच हवा. मूळ फाइलला हात लावू नका.

४. पडद्यावरच्या आकड्यांना भुलू नका

तुलना इथेच जास्त फसते. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवल्या की नजर आधी गोंगाटाच्या रेषेवर जाते. समजा एकात ती उणे ७० डेसिबलवर आहे आणि दुसऱ्यात उणे ८२ वर. लगेच निकाल लागतो, दुसरं जास्त संवेदनशील! पण फाइल तर एकच आहे.

फरक एफएफटीचा, म्हणजे सिग्नल वारंवारतांमध्ये फोडणाऱ्या गणिताचा, असतो. सॉफ्टवेअर २.०४८ मेगाहर्ट्झचा पट्टा छोट्या कप्प्यांत वाटतं. ४०९६ कप्पे केले तर प्रत्येक ५०० हर्ट्झचा, ६५,५३६ केले तर ३१.२५ हर्ट्झचा. गोंगाट पट्टाभर पसरलेला असल्याने कप्पा निम्मा झाला की त्यातला गोंगाटही निम्मा होतो, म्हणजे ३ डेसिबलने उतरतो. ५०० वरून ३१.२५ वर येताना कप्पा चार वेळा निम्मा झाला: १२ डेसिबल. कानाला ऐकू येणाऱ्या आवाजात याने तसूभरही फरक पडत नाही.

म्हणून आधी कप्पे सारखे करा. एचडीएसडीआरमध्ये 'आरबीडब्ल्यू'ची, म्हणजे कप्प्याच्या रुंदीची, पट्टी सरकवून ३१.२ हर्ट्झच्या आसपास आणा, एसडीआर प्लस प्लसच्या 'डिस्प्ले'मध्ये एफएफटी साइझ ६५,५३६ करा. ॲव्हरेजिंग दोन्हीकडे बंद. त्यानंतरही दोघांचं शून्य डेसिबल एकाच जागी असेलच असं नाही. तेव्हा रेषा किती खाली आहे ते पाहू नका, स्टेशनचं टोक तिच्यापासून किती वर आहे ते मोजा. बहुतेक वेळा हा फरक इतका जवळ येतो की भांडायला काही उरत नाही.

५. आता कानाने

एफएमवर नवं सॉफ्टवेअर सरळ जिंकतं. 'डब्ल्यूएफएम' दाबा, डी-एम्फसिस (वाढवून पाठवलेले उंच स्वर परत उतरवणारी सेटिंग) भारतासाठी ५० मायक्रोसेकंद ठेवा, झालं. स्टिरिओही मिळतो, आणि स्टेशन आरडीएस (आवाजासोबत जाणारा मजकूर) पाठवत असेल तर नावही दिसतं. एचडीएसडीआरमध्ये आधी आउटपुट सॅम्पल रेट १९२ किलोहर्ट्झवर न्यावा लागतो, नाहीतर फिल्टर पुरेसा रुंद होत नाही आणि गाणी फाटल्यासारखी वाजतात. ते जुळवूनही आवाज मोनोच.

तरी एवढ्यावर निकाल देऊ नका. रात्री मध्यम लहरींचं दुसरं रेकॉर्डिंग करा. व्ही३ डोंगलवर डायरेक्ट सॅम्पलिंगचा (ट्यूनर टाळून सिग्नल थेट घेण्याचा) 'क्यू' पर्याय निवडला की ५०० किलोहर्ट्झपासून वर ऐकता येतं. व्ही४ ला त्याची गरज पडत नाही. पुण्याचं ७९२ किंवा मुंबईचं १०४४ दूरच्या गावात लावा. सिग्नल चढउतार करतो, मध्येच शिट्टी येते, कुठल्यातरी चार्जरची घरघर मिसळते. अशा वेळी जुन्या प्रोग्रामची नॉच (नको ती शिट्टी कापणारा फिल्टर), ऑटो नॉच, नॉइज रिडक्शन ही बटणं थेट समोर असतात, आणि 'ईसीएसएस' मोडमध्ये एएम सिग्नलच्या दोन बाजूंपैकी स्वच्छ बाजू निवडून ऐकता येते. क्षीण एएम आणि मोर्ससाठी मी आजही एचडीएसडीआरच उघडतो.

मन आधीच एका बाजूला झुकलं असेल तर दोन्हीकडून आवाजाचं रेकॉर्डिंग काढा, पातळी सारखी करा आणि घरातल्या कुणाला तरी फायलींची नावं 'क' आणि 'ख' करायला सांगा. कुठली कोणाची हे नंतर विचारा.

६. उरलेलं

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूवरचा भार बघून घ्या. हा आकडा यंत्रागणिक बदलतो, दुसऱ्याचा उपयोगी पडत नाही. एकाच पट्ट्यातली दोन स्टेशनं एकदम ऐकायची असतील, जसं १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास हॅम मंडळींच्या दोन वाहिन्या, तर एसडीआर प्लस प्लसच्या 'मॉड्यूल मॅनेजर'मधून रेडिओचं आणखी एक मॉड्यूल जोडा. एचडीएसडीआरमध्ये ही सोय नाही. हे सगळं ऐकण्यापुरतं. बोलायचं तर हौशी रेडिओचा परवाना काढावाच लागतो.

दोन्ही सॉफ्टवेअर एकाच संगणकावर सुखाने नांदतात, पण डोंगल एका वेळी एकालाच मिळतो. दुसरं 'डिव्हाइस सापडत नाही' म्हणू लागलं तर ड्रायव्हर उकरण्याआधी पहिलं खरंच बंद झालंय का ते पाहा.