उंबरठ्यापासून गॅलरीपर्यंत: सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी ध्येयाधारित फिजिओथेरपी कशी आखावी

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला घेऊन पालक पहिल्यांदा फिजिओथेरपीला येतात, तेव्हा "तुमची अपेक्षा काय?" या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते: "चालायला लागू दे, बाकी काही नको." या उत्तरामागची तळमळ खरी असते, पण उद्या सकाळी घरी नेमके काय करायचे हे त्यातून कोणालाच कळत नाही. मग पाय ताणणे, मोठ्या चेंडूवर बसवणे, भिंतीला टेकवून उभे करणे असे व्यायाम वर्षानुवर्षे चालू राहतात आणि त्यांतून मुलाच्या दिवसात काय बदलले, हे विचारायचेच राहून जाते. ध्येयाधारित थेरपीची सुरुवात याच प्रश्नापासून होते. ती घरच्या घरी, थेरपिस्टच्या मदतीने कशी आखावी, ते या लेखात सांगितले आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्यावी. सेरेब्रल पाल्सीमध्ये वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात इजा झालेली असते. ही इजा पुढे वाढत नाही. मात्र तिच्यामुळे स्नायूंचा ताठरपणा, तोल आणि हालचालींवरचा ताबा यांत अडचणी येतात आणि मूल उंच होऊ लागले की सांध्यांवरचे परिणाम बदलत जातात. हालचाल ही मेंदूने शिकण्याची गोष्ट आहे, आणि मूल स्वतः प्रयत्न करते, चुकते, पुन्हा करते तेव्हाच मेंदू ती शिकतो. दुसऱ्याच्या हातांनी घडवून आणलेल्या हालचालीतून हे शिक्षण फारसे होत नाही. २०१३ आणि २०२० या वर्षी ऑस्ट्रेलियातील संशोधक इओना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध उपचारपद्धतींचे पुरावे तपासले, तेव्हा ठरवलेल्या कामाचा प्रत्यक्ष सराव आणि नीट आखलेला घरचा कार्यक्रम या गोष्टी उपयुक्त ठरल्या. नुसते हाताने ताणण्याच्या बाजूने पुरावा कमकुवत निघाला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात: ध्येय मुलाने निवडलेले असावे, सराव संपूर्ण कामाचा असावा, तो खऱ्या ठिकाणी व्हावा आणि पुरेसा व्हावा.

पहिली पायरी: मूल आज कुठे आहे ते जाणून घ्या

थेरपिस्टला मुलाची जीएमएफसीएस पातळी विचारावी. मूल स्वतः किती आणि कशाच्या आधाराने हिंडते-फिरते हे सांगणारे, कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९९७ साली तयार झालेले हे पाच पातळ्यांचे वर्गीकरण आहे. पहिल्या पातळीवरचे मूल आधाराशिवाय चालते व जिने चढते, पण पळताना, उड्या मारताना मागे पडते. दुसऱ्या पातळीवरचे मूल चालते, मात्र जिन्यात कठडा धरावा लागतो आणि गर्दीत किंवा खडबडीत रस्त्यावर अडखळते. तिसऱ्या पातळीवर वॉकर किंवा कुबड्या लागतात. चौथ्या पातळीवर बहुतेक हिंडणे-फिरणे चाकांच्या खुर्चीवरून होते, आणि पाचव्या पातळीवर मान व धड सावरायलाही आधार लागतो. पातळी म्हणजे मुलाचे गुणपत्रक नव्हे. वयाच्या दोन वर्षांनंतर ती सहसा फारशी बदलत नाही, म्हणून वास्तवाला धरून ध्येय ठरवायला तिचा उपयोग होतो. चौथ्या पातळीवरच्या मुलासाठी "आधाराशिवाय चालणे" हे ध्येय धरून पाच वर्षे खर्च करणे मला त्या मुलावर अन्याय केल्यासारखे वाटते, कारण त्याच वर्षांत ते मूल स्वतः खुर्ची चालवायला, पलंगावरून खुर्चीत सरकायला आणि जेवणाच्या पंगतीत नीट बसायला शिकले असते.

दुसरी पायरी: ध्येय मुलाच्या दिवसातून शोधा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि हिच्यासाठी घाई करू नये. एक आठवडा कागद घेऊन मुलाचा दिवस लिहून काढावा: उठल्यावर मोरीपर्यंत कोण नेते, चहा-बिस्किट खाताना ते कुठे बसते, दुपारी शेजारची मुले खेळत असतात तेव्हा ते कुठे असते, कोणत्या क्षणी ते चिडते किंवा रडते. चिडण्याच्या जागी बहुधा ध्येय दडलेले असते.

मुलाला सरळ विचारावे, "बाळा, तुला स्वतःहून काय करता यायला हवंय?" बोलता न येणाऱ्या मुलाला मोबाइलमध्ये घरातल्या कामांची आणि जागांची चित्रे दाखवावीत आणि ते नजरेने किंवा हाताने काय दाखवते ते पाहावे. आजी-आजोबांनाही विचारावे, कारण दिवसभर मुलाजवळ तेच असतात आणि आईच्या नजरेतून सुटलेले त्यांनी पाहिलेले असते.

समजा, लालबागच्या एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी सात वर्षांची, तिसऱ्या पातळीवरची मुलगी आहे. वडिलांना वाटते तिने शाळेपर्यंत चालत जावे, आईला वाटते मोरीतले तिचे उचलणे थांबावे, आणि मुलगी म्हणते, "मला बाहेर गॅलरीत जायचंय, सगळ्यांसोबत." खोली आणि गॅलरी यांच्यामध्ये चार इंचांचा उंबरठा आहे आणि तिचा वॉकर त्यावर अडतो. माझ्या मते या तीन इच्छांमधून मुलीची इच्छा आधी घ्यावी, कारण त्यासाठी ती दिवसातून दहा वेळा स्वतःहून प्रयत्न करील. मोठ्यांच्या इच्छेसाठी तिला दहा वेळा सांगावे लागेल. एका वेळी दोन, फार तर तीन ध्येये पुरेत.

जमणे आणि समाधान मोजायला सोपी रीत अशी की प्रत्येक कामाला "सध्या किती जमते" आणि "त्यावर किती समाधानी आहोत" यासाठी एक ते दहा गुण पालकांनी आणि मुलाने द्यावेत. पुढच्या तपासणीत दोन गुणांचा फरक पडला, तर तो खरा बदल मानला जातो.

तिसरी पायरी: ध्येय मोजता येईल असे लिहा

"तोल सुधारणे" हे ध्येय होऊ शकत नाही. कोण, कुठे, कोणते काम, किती मदतीने आणि केव्हापर्यंत, हे सर्व एका वाक्यात आले पाहिजे: "येत्या तीन महिन्यांत ती दाराची चौकट धरून उंबरठा ओलांडून गॅलरीत जाईल; आई शेजारी उभी राहून तोंडी आठवण देईल, पण हात लावणार नाही; पाचपैकी चार वेळा हे जमेल."

यासाठी १९६८ मध्ये मांडली गेलेली पाच पायऱ्यांची ध्येयपट्टी वापरता येते. आजची स्थिती उणे दोनवर लिहावी: आई तिला दोन्ही बाजूंनी धरून पार करते. उणे एकवर एका हाताचा आधार. शून्यावर वर लिहिलेले अपेक्षित ध्येय. अधिक एकवर आई शेजारी आहे, पण आठवणही द्यावी लागत नाही. अधिक दोनवर आई खोलीत आत बसलेली आहे. पट्टी लिहिताना एकच गोष्ट बदलत जावी. इथे ती आईच्या मदतीचे प्रमाण आहे. मदत, अंतर आणि वेळ हे सगळे एकदम बदलले की नेमके काय सुधारले ते शेवटी समजत नाही. ही पट्टी थेरपिस्टबरोबर बसून लिहावी आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावी.

चौथी पायरी: जागा बदला, मग मूल

उंबरठ्याचा सराव सुरू करण्याआधी उंबरठ्याकडे पाहावे. लाकडी उतरती फळी लावता येते का, चौकटीला मुलीच्या हाताच्या उंचीवर पकडायला दांडा बसवता येतो का, वॉकर आत ठेवून बाहेर दुसरा आधार देता येतो का? गॅलरीच्या कठड्यातील फटी किती रुंद आहेत आणि तो घट्ट आहे का, हे मूल बाहेर जाण्याआधी तपासलेच पाहिजे. पायातले एएफओ स्प्लिंट (घोटा आणि पाऊल सावरणारे साचे) घट्ट झाले असतील, तर आधी ते बदलावेत. कधी कधी फळी लावताच ध्येय गाठले जाते. तो उपचाराचा कमीपणा मानू नये. मुलाने जास्तीत जास्त हिंडावे, एवढेच आपल्याला हवे असते.

पाचवी पायरी: संपूर्ण काम, त्याच जागी, रोज

सरावासाठी वेगळा तास काढण्यापेक्षा काम जिथे होते तिथे आणि जेव्हा होते तेव्हाच करावे. सकाळी दूधवाल्याच्या वेळी, संध्याकाळी मुले जमल्यावर, रात्री जेवणानंतर गॅलरीत वारा खायला जाताना, असे तीन-चार प्रसंग पकडावेत. मूल अडकले की लगेच हात पुढे करू नये; दहापर्यंत मनात मोजावे आणि विचारावे, "आता कुठला पाय आधी?" उत्तर तिने शोधले तर पुढच्या वेळी तिला ते आठवते. मधला एखादाच भाग जमत नसेल, जसे पाय पुरेसा वर उचलणे, तर तेवढा वेगळा करून पाहावा, पण लगेच पुन्हा संपूर्ण कामात आणून जोडावा.

किती सराव पुरेसा? हाताच्या कामांच्या ध्येयांवर झालेल्या अभ्यासांवरून १४ ते २५ तासांचा सराव लागतो असे दिसते. पायांच्या कामाला हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही, पण अंदाज बांधायला तो उपयोगी आहे: रोज १५ मिनिटे, आठवड्यातून सहा दिवस धरले, तर दीड तास होतात आणि १० ते १७ आठवडे लागतात. म्हणूनच तीन महिन्यांची मुदत ठेवावी आणि पंधरा दिवसांत निराश होऊ नये. विरार किंवा कल्याणहून मुलाला घेऊन लोकलने मुंबईत येणाऱ्या आईचा सगळा दिवस अर्ध्या तासाच्या थेरपीसाठी जातो. तो अर्धा तास मुलाच्या पायाला ताण देण्यात घालवण्याऐवजी आईला घरचा सराव दाखवण्यात, तिने घरी काढलेला व्हिडिओ पाहण्यात आणि अडलेल्या जागा सोडवण्यात गेला पाहिजे, असा आग्रह पालकांनी थेरपिस्टकडे नम्रपणे पण ठामपणे धरावा.

ताप, फिट किंवा नवीन दुखणे असेल, त्या दिवशी सराव बंद ठेवावा. सरावात मूल रोज रडत असेल, तर काम कठीण झाले आहे किंवा ध्येय त्याचे नाही. दोन्ही शक्यता पडताळाव्यात.

सहावी पायरी: वैद्यकीय बाजू विसरू नका

खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकणे हा धोका तिसऱ्या ते पाचव्या पातळीवर विशेष असतो आणि सुरुवातीला तो दुखत नाही, म्हणून डॉक्टर सांगतील त्या अंतराने खुब्यांचे एक्स-रे काढून घ्यावेत. ताठर स्नायू काही काळ सैल करणारे बोटॉक्सचे इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर "यानंतर मूल कोणते काम करू शकेल?" हे आधी विचारावे आणि ते पट्टीवर लिहावे, ध्येय नसलेल्या इंजेक्शनाचा परिणाम मुलाच्या दिवसात दिसत नाही.

मुंबईत परळचे वाडिया बालरुग्णालय, महापालिकेची केईएम, सायन व नायर रुग्णालये आणि हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था येथे या मुलांवर उपचार होतात. स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया, म्हणजे आजची अडाप्ट, ही संस्था मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये याच शहरात सुरू केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश असल्याने यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांसाठीचे सरकारी ओळखपत्र, काढून घ्यावे. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो.

सातवी पायरी: तीन महिन्यांनी पट्टी पुन्हा वाचा

एक ते दहा गुण पुन्हा द्यावेत, पट्टीवर आजची जागा खुणावी आणि पहिल्या दिवशीचा व्हिडिओ शेजारी ठेवून पाहावा. ध्येय गाठले नसेल, तर मुलाला दोष न देता तीन गोष्टी तपासाव्यात: सराव ठरल्याइतका झाला का, काम एका पायरीने मोठे निवडले होते का, आणि मुलाची इच्छा मधेच बदलली का. शेवटची शक्यता मोठ्यांच्या लक्षात सर्वांत उशिरा येते. उंबरठा ओलांडल्यावर त्या मुलीला कळले असेल की गॅलरीत मुले खाली बसून सागरगोटे खेळतात, आणि तिला आता जमिनीवर बसायचे आणि एकटीने पुन्हा उभे राहायचे आहे. ते तिच्याच शब्दांत नव्या कागदावर लिहून घ्यावे आणि पुढच्या भेटीत थेरपिस्टसमोर सर्वांत आधी तोच कागद ठेवावा.