डिझर्टेशनचा डेटा उघडायच्या आधी एवढं कराच

लॅपटॉप, आर की पायथॉन, गाइडची सही यावर काही बोलत नाही. बॅकअप घ्या. आता मुद्द्याचं: जिल्ह्यांच्या कोडचा तक्ता. पब्लिक पॉलिसीच्या डेटा सायन्सला असाल आणि विषय जिल्हावार असेल तर पहिल्या आठवड्यात हाच बनवा, मॉडेल वगैरे नंतर. मी बनवला नव्हता, आणि सबमिशनला अकरा दिवस उरलेले असताना अख्खं चौथं प्रकरण परत लिहावं लागलं.

झालं असं की मी एनएफएचएसच्या (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या) चौथ्या आणि पाचव्या फेरीचे आकडे जिल्ह्याच्या नावावरून जोडले, ठाण्याचे दोन आकडे शेजारी ठेवले आणि मधला फरक पोषण योजनांच्या नावावर लिहून मोकळी झाले. पण चौथी फेरी (२०१५-१६) २०११ च्या जनगणनेच्या ६४० जिल्ह्यांवर आहे आणि पाचवी (२०१९-२१) ७०७ वर. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, म्हणजे चौथ्या फेरीतल्या ठाण्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू सगळं आहे आणि पाचव्यात नाही. ते दोन वेगळे ठाणे आहेत! कुपोषणावर लिहिताना जव्हार-मोखाडा आत आहे की बाहेर यानेच सगळं बदलतं. व्हायव्हात बाहेरून आलेल्या मॅडमनी पहिलाच प्रश्न हा विचारला असता, नशीब गाइडने आधी पकडलं.

तर तक्त्यात काय हवं: २०११ च्या जनगणनेचा कोड, एलजीडीचा म्हणजे केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा कोड (हा वेगळा असतो, एकच समजू नका), जुनं नाव, नवं नाव, कशातून फुटला, कधी. नावावरून जोडू नका. औरंगाबादचा जनगणनेतला कोड महाराष्ट्रात ५१५ आणि बिहारमध्ये २३५, शिवाय आपलं आता छत्रपती संभाजीनगर. आपल्या रायगडचं जनगणनेतलं इंग्रजी स्पेलिंग छत्तीसगडच्या रायगढसारखंच आहे. परत सांगते, नावावरून जोडू नका. तेलंगण घेणार असाल तर जास्तच जपून, १० जिल्ह्यांचे ऑक्टोबर २०१६ मध्ये ३१ झाले.

तुलना करायचीच असेल तर पाचव्या फेरीतले ठाणे-पालघर पुन्हा एक करा, पण युनिट लेव्हल डेटातून (एकेका घराच्या, व्यक्तीच्या नोंदींतून) वेट म्हणजे प्रत्येक नोंदीचा भार लावून, दोन टक्केवाऱ्यांची सरळ सरासरी काढून नाही. एनएफएचएसचं वेट दहा लाखाने भागून वापरायचं असतं. आणि कोडचा कॉलम टेक्स्ट म्हणूनच वाचा, हिमाचलच्या राज्य कोडचा, ०२ चा, एक्सेल २ करून टाकतं आणि मग जोडणीत ओळी गुपचूप गळतात. जोडल्यावर ओळी मोजा. प्रत्येक वेळी मोजा.

पीएलएफएस (रोजगाराचं सरकारी सर्वेक्षण) वापरणार असाल तर त्याची टेक्स्ट फाइल नुसती आकड्यांची रांग असते, कुठला आकडा कशाचा हे सांगणारी लेआउटची फाइल सोबतच उतरवून ठेवा.

मराठी जीआरमधून काही काढायचं असेल तर कॉपी-पेस्ट करून बघा, जुन्या फॉन्टमधलं असलं तर कचरा येतो, मग हाताने टाइप करायला वेळ धरा.

एथिक्सची परवानगी लवकर टाका. नकाशे शेवटी. संदर्भसूची रोजची रोज. प्रिंट दोन दिवस आधी.

आणि तक्ता. आज रात्रीच सुरू करा, महाराष्ट्रापुरता केला तर ३६ ओळी आहेत.