उन्हाळ्यातले करार कसे जोखावेत: एनबीएच्या चाहत्यांसाठी

जून महिन्यात अंतिम फेरी संपते आणि ऑक्टोबरात नवा मोसम सुरू होतो. मधल्या काळात ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची संघांनी क्रमाने केलेली निवड), फ्री एजंटांचे, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचे करार आणि ट्रेड (संघांमधली खेळाडूंची देवाणघेवाण) यांमुळे एनबीए या उत्तर अमेरिकेतील बास्केटबॉल लीगच्या तीसही संघांचे रूप कमीअधिक पालटते. प्रत्येक बातमीवर त्याच दिवशी मत देण्याची चाहत्याला घाई असते आणि ते मत बहुधा खेळाडूच्या नावावरच बेतलेले असते. नाव मोठे असले की संघाने बाजी मारली, अपरिचित असले की पैसे पाण्यात गेले. या सवयीतून बाहेर पडायचे असेल तर प्रत्येक व्यवहाराला एकच प्रश्न विचारावा: या निर्णयामुळे संघाच्या हातातले कोणते पर्याय संपले? खेळाडू किती चांगला आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी पैशाचा ताळेबंद समजून घ्यावा, कारण त्यावाचून पुढचे काहीच नीट कळत नाही. २०२५-२६ च्या मोसमासाठी संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. तिच्यावर सुमारे १८ कोटी ७९ लाखांवर लक्झरी टॅक्सची, म्हणजे जास्तीच्या पगारावर दंडवजा कर लागू होण्याची रेषा, १९ कोटी ५९ लाखांवर पहिला एप्रन आणि २० कोटी ७८ लाखांवर दुसरा एप्रन, म्हणजे वाढत्या निर्बंधांच्या दोन पायऱ्या, अशी उतरंड होती. सॅलरी कॅपची मर्यादा ओलांडता येते, आणि बहुतेक संघ ती ओलांडतातच. मात्र जितके वर जावे तितके हात बांधले जातात. दुसऱ्या एप्रनच्या वर असलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून त्या बदल्यात एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देता येत नाही आणि सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे ड्राफ्टमधील निवडीचा हक्क, देता येत नाही. म्हणून बातमी आली की संघ या उतरंडीवर कोणत्या पायरीवर उभा आहे, हे सर्वांत आधी पाहावे. मर्यादेखाली भरपूर जागा असलेल्या संघाने दिलेले दोन कोटी आणि दुसऱ्या एप्रनवरच्या संघाने दिलेले दोन कोटी यांची किंमत सारखी नसते.

चाहत्यांची सर्वांत मोठी गफलत होते ती आपला खेळाडू सोडण्याच्या बाबतीत. 'त्याला सोडले ते बरेच झाले, आता त्या पैशात दुसरा कोणी आणता येईल,' असे सर्रास म्हटले जाते. मर्यादेखाली असलेल्या संघाच्या बाबतीत ते खरे ठरू शकते. मर्यादेवर असलेल्या संघाच्या बाबतीत ते साफ चूक असते. सलग तीन मोसम आपल्याकडे राहिलेल्या खेळाडूला पुन्हा करारबद्ध करण्यासाठी संघ मर्यादा ओलांडू शकतो. यालाच बर्ड हक्क म्हणतात. पण तोच खेळाडू निघून गेला तर त्याची रक्कम संघाच्या हाती राहत नाही, कारण ती मुळात मर्यादेबाहेरची असते. २०२१ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस लेकर्सनी अ‍ॅलेक्स कारुसोला जाऊ दिले आणि शिकागोने त्याच्याशी चार वर्षांचा, सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. लेकर्स त्याला ठेवू शकत होते. त्यांना त्यासाठी टॅक्स मोजावा लागला असता, एवढेच. त्याच्या जाण्याने त्या तोडीचा दुसरा बचावपटू आणण्याची सोय झाली नाही. पुढे २०२३ मध्ये कारुसो सर्वोत्तम बचावपटूंच्या पहिल्या संघात निवडला गेला आणि २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या विजेत्या संघात होता. या पुढच्या गोष्टी त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हत्या, पण बर्ड हक्काचा नियम मात्र सर्वांना ठाऊक होता.

त्याच उन्हाळ्यातील लेकर्सचा दुसरा निर्णय घेऊन आता कागद-पेन्सिलीचे काम करू, कारण कोणताही व्यवहार तपासण्याची याहून साधी रीत मला सापडलेली नाही. एका सामन्यात ४८ मिनिटे आणि मैदानावर पाच खेळाडू, म्हणजे प्रत्येक संघाकडे वाटण्यासाठी २४० मिनिटे असतात. लेकर्सनी काइल कुझमा, केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप, मॉन्ट्रेझ हॅरेल आणि पहिल्या फेरीचा एक पिक वॉशिंग्टनला देऊन रसेल वेस्टब्रुकला आणले. आकड्यांत पाहिले तर सौदा झगमगीत होता: वेस्टब्रुक २०१७ चा एमव्हीपी (मोसमातील सर्वोत्तम खेळाडू) होता आणि आदल्याच मोसमात त्याने गुण, रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेला चेंडू) व असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास) या तिन्हींत सरासरी दुहेरी आकडा गाठला होता. आता मिनिटे वाटून पाहा. लेब्रॉन जेम्स, अँथनी डेव्हिस आणि वेस्टब्रुक या तिघांना मिळून शंभरेक मिनिटे द्या. उरलेली १४० मिनिटे कोण खेळणार? कुझमा, कॉल्डवेल-पोप आणि कारुसो हे तिघे आदल्या मोसमात दर सामन्यात मिळून सुमारे ७८ मिनिटे खेळत होते. प्रतिस्पर्ध्याच्या चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूला रोखणे आणि कोपऱ्यात उभे राहून तीन गुणांचा फटका मारणे ही कामे मुख्यतः त्यांचीच होती. ती जागा किमान पगारावर आलेल्या, बऱ्याचशा तिशी उलटलेल्या खेळाडूंनी भरायची होती. शिवाय एक प्रश्न राहतोच: चेंडू लेब्रॉनच्या हातात असताना वेस्टब्रुकने काय करायचे? त्याचे तीन गुणांचे फटके कारकिर्दीत सुमारे तीस टक्केच लागत आले आहेत, त्यामुळे त्याला मोकळा सोडून बचाव करणारे आत, लेब्रॉनच्या वाटेवर, गर्दी करणार हे उघड होते.

त्या मोसमात लेकर्सनी ३३ सामने जिंकले आणि ४९ गमावले. फेब्रुवारी २०२३ मध्ये वेस्टब्रुकला दुसरीकडे पाठवताना त्यांना २०२७ चा, पहिल्या चार क्रमांकांपुरता राखून ठेवलेला (म्हणजे पहिल्या चारांत आला तर आपल्याकडेच राहणारा), पहिल्या फेरीचा पिक सोडावा लागला. म्हणजे चूक करायला एक पिक गेला आणि निस्तरायला दुसरा. ही गफलत खेळाडूच्या नावात दिसत नव्हती, पण २४० मिनिटांच्या हिशेबात ती त्या उन्हाळ्यातच दिसत होती. त्या वेळी मी स्वतः नावावर भाळलो होतो, हे कबूल केलेले बरे. हा हिशेब करण्याची सवय मला त्यानंतरच लागली.

करार महाग की स्वस्त, हे ठरवताना एकूण रक्कम बाजूला ठेवावी आणि तो पगार त्या त्या वर्षाच्या मर्यादेचा किती भाग आहे, ते काढावे. २०२२ मध्ये न्यूयॉर्क निक्सनी जेलन ब्रन्सनला चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाख डॉलर दिले, तेव्हा बऱ्याच जणांना ते अवाच्या सवा वाटले. पहिल्या वर्षीचा पगार सुमारे २ कोटी ७७ लाख होता आणि मर्यादा १२ कोटी ३७ लाख. म्हणजे सुमारे बावीस टक्के. पण करार उतरत्या पगाराचा होता. तिसऱ्या वर्षी पगार अडीच कोटींच्या आत आला आणि मर्यादा १४ कोटी ६ लाखांवर गेली, त्यामुळे तोच भाग अठरा टक्क्यांच्याही खाली उतरला. चढता पगार, उतरता पगार, शेवटच्या वर्षाचा निर्णय खेळाडूच्या हाती की संघाच्या, रकमेतला किती भाग हमीचा, हे तपशील पहिल्या बातमीत नसतात. ते दोन-चार दिवसांनी बाहेर येतात, आणि तोवर थांबायला काहीच हरकत नाही; ६ जुलैपर्यंत बहुतेक नव्या करारांवर सह्यासुद्धा होत नाहीत.

याच ब्रन्सनच्या बाबतीत आणखी एक धडा घेण्याजोगा आहे. डॅलसमध्ये तो लुका डॉन्चिचच्या सावलीत खेळत होता आणि शेवटच्या मोसमात त्याची सरासरी १६ गुणांच्या आसपास होती. अशा खेळाडूची पूर्ण मोसमाची सरासरी पाहून फारसे हाती लागत नाही; मुख्य खेळाडू नसताना तो काय करतो, ते शोधावे. २०२२ च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) युटाविरुद्धच्या पहिल्या तीन सामन्यांत डॉन्चिच दुखापतीमुळे बाहेर होता. त्या तीन सामन्यांत ब्रन्सनने अनुक्रमे २४, ४१ आणि ३१ गुण केले आणि डॅलसने त्यांपैकी दोन सामने जिंकले. तीन सामने म्हणजे पुरावा नव्हे, हे खरेच. पण नव्या संघात त्याला जी भूमिका मिळणार होती तिची ती चुणूक होती आणि सरासरीच्या आकड्यापेक्षा तिचे वजन अधिक होते. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या मोसमात त्याची सरासरी २४ झाली, दुसऱ्यात २८ च्या पुढे गेली. लास व्हेगासमध्ये उन्हाळ्यात मुख्यतः नवोदितांसाठी होणाऱ्या समर लीगमधील कामगिरीला मात्र असे वजन देऊ नये. तिथे समोर खेळणाऱ्यांपैकी बरेच जण ऑक्टोबरात एनबीएच्या संघात नसतात.

वयाबद्दल थोडक्यात. कराराची पहिली दोन वर्षे सगळेच पाहतात, आपण शेवटची दोन पाहावीत. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाने चौतीस वर्षांच्या पॉल जॉर्जशी चार वर्षांचा, सुमारे २१ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. चौथ्या वर्षी तो ३७-३८ वर्षांचा असणार हे गणित पहिल्या दिवशीच मांडता येत होते. पहिल्या मोसमात तो ४१ सामने खेळला.

ड्राफ्ट पिकांकडे चाहते दोन टोकांनी पाहतात: काहींना प्रत्येक पिक हिऱ्यासारखा वाटतो, काहींना नुसता कागद. खरी गोष्ट अशी की पिकाची किंमत तो देणारा संघ त्या वर्षी कसा असेल यावर ठरते. म्हणून पिक कोणत्या वर्षाचा आहे आणि त्या वर्षी आजच्या मुख्य खेळाडूंचे वय काय असेल, ते लिहून काढावे. २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सनी बॉस्टनकडून पॉल पिअर्स आणि केव्हिन गार्नेट यांना आणले आणि बदल्यात २०१४, २०१६ व २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक तर दिलेच, शिवाय २०१७ मध्ये क्रमांक अदलाबदल करण्याचा हक्कही दिला. तेव्हा पिअर्स ३५ वर्षांचा होता आणि गार्नेट ३७ वर्षांचा. २०१६ आणि २०१७ मध्ये हे दोघे तारुण्यात नसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. नेट्स २०१६ पर्यंत तळाला गेले. त्यांच्या पिकातून बॉस्टनला जेलन ब्राउन मिळाला आणि अदलाबदलीत हाती आलेला पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला देऊन, तिसऱ्या क्रमांकावर सरकून, त्यांनी जेसन टेटम घेतला. या दोघांच्या बळावर बॉस्टनने २०२४ चे विजेतेपद मिळवले. दूरच्या वर्षाचा, कसल्याही राखीव अटीविना दिलेला पिक दिसला की थांबून हा हिशेब करावा.

इथपर्यंतचे सगळे निकष हाती असले तरी एक मोह उरतोच: निकालावरून निर्णय तोलण्याचा. टोरंटोने जुलै २०१८ मध्ये डेमार डिरोझन, याकोब पोल्टल आणि पहिल्या फेरीचा एक पिक देऊन कवाय लेनर्ड व डॅनी ग्रीन यांना आणले. लेनर्ड आदल्या मोसमात अवघे नऊ सामने खेळला होता आणि वर्षभराने मोकळा होऊ शकत होता. पुढच्या जूनमध्ये टोरंटो विजेते ठरले, म्हणून आज सगळे त्या व्यवहाराला शहाणपणाचा म्हणतात. पण लेनर्डचा पाय पुन्हा दुखावला असता तरी तो चुकीचा ठरला नसता, असे माझे मत आहे. टोरंटोने आदल्या मोसमात ५९ सामने जिंकूनही सलग तिसऱ्या वर्षी लेब्रॉनच्या क्लीव्हलंडकडून ते बाद झाले होते, त्यातही शेवटच्या वेळी ४-० असे. म्हणजे आहे त्या संघाची मजल कळून चुकली होती. त्यातच लेब्रॉन टोरंटोचाच पूर्व विभाग सोडून लॉस एंजेलिसला गेला होता, म्हणजे वाट त्याच वर्षी मोकळी झाली होती. आणि लेनर्ड गेलाच असता, जसा तो २०१९ मध्ये गेला, तरी त्याचा मोठा पगार पुढच्या वर्षांच्या हिशेबात अडकून राहणार नव्हता. व्यवहार फसला असता तर काय उरले असते, हे ज्या संघाने आधी पाहिले आहे, त्याचा धोका आंधळा नसतो.

यासाठी एक वही ठेवावी. प्रत्येक व्यवहाराच्या दिवशी तारखेसह चार-पाच ओळी लिहाव्यात: संघ कोणत्या आर्थिक पायरीवर होता, दुसरे कोणते पर्याय खरोखर उपलब्ध होते, २४० मिनिटांत नवा खेळाडू कुठे बसतो, आणि कोणती गोष्ट घडली तर आपण आपले मत बदलू. शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि ती मोघम नसावी. 'संघ चांगला खेळला तर' असे लिहून भागत नाही; 'सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत प्रशिक्षक त्याला मैदानावर ठेवतो का' असे लिहावे. मग वही मिटून ठेवावी आणि पहिल्यांदा १५ डिसेंबरच्या सुमारास उघडावी. उन्हाळ्यात करार झालेल्या बहुतेक खेळाडूंना त्या दिवसापासून ट्रेड करता येते, आणि एखादा करार संघालाच नकोसा झाला असेल तर त्याची कुजबुज तेव्हापासून ऐकू येऊ लागते. दुसऱ्यांदा फेब्रुवारीत, ट्रेडची मुदत संपल्यावर उघडावी आणि तिसऱ्यांदा प्लेऑफ संपल्यावर; त्या वेळी मात्र आपण जुलैत काय लिहिले होते ते आधी वाचावे आणि निकालाकडे नंतर वळावे.