पडवीत रांगत जावं लागेल असं घर: रेविट शिकताना झालेल्या चुका

आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा कोर्स करून मी रत्नागिरीतल्या एका लहान ऑफिसात लागले, तेव्हा ऑटोकॅडवर, म्हणजे संगणकावर रेघांनी नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर, माझा हात बऱ्यापैकी बसला होता. रेविट, म्हणजे अख्खं घर थ्रीडीत उभं करायचं सॉफ्टवेअर, मी नंतर कामाच्या धबडग्यातच शिकले. त्यात काढलेलं पहिलं पूर्ण घर म्हणजे उतारावरचं, जांभ्याच्या चिऱ्याचं, कौलारू, समोर पडवी असलेलं. थ्रीडी चित्र इतकं सुरेख आलं की मालकांनी ते नातेवाइकांना पाठवलं. साइटवर मिस्त्रीकाकांनी मात्र कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "बाय, ह्या पडवीत पावण्यांनी रांगत यायचं काय गो?"

घरात भिंतीचा माथा जमिनीपासून ३३०० मिलिमीटर आणि छपराचा उतार ३० अंश होता. तोच उतार मी २४०० रुंदीच्या पडवीवरून सरळ पुढे नेला होता. एवढ्या अंतरात छप्पर जवळपास १३८५ मिलिमीटर खाली येतं. म्हणजे पडवीच्या बाहेरच्या कडेला १.९ मीटर उरले, त्यातून तुळई वजा केली की पावणेदोन. पुढे ९०० ची पागोळी, ती तर १.४ मीटरवर. हे गणित दहावीच्या पोराला येईल. मला सुचलं नाही, कारण मी पडवीतून सेक्शन, म्हणजे घर उभं कापून आतलं दाखवणारं चित्र, कापलाच नव्हता. रेविटनेही हरकत घेतली नाही. माणसाची उंची त्याला ठाऊक नसते.

नव्याने येणाऱ्यांना म्हणून मी पहिल्यांदा हेच सांगते, की थ्रीडीवर भाळू नका. छप्पर टाकलं की लगेच किमान दोन सेक्शन कापा. एक आढ्याला आडवा, ओटी-माजघरातून पडवीपर्यंत जाणारा, आणि दुसरा जिन्यातून किंवा माळ्यातून. छप्पर भिंती निवडून काढलंत की नुसत्या रेघा ओढून, यावर उंची कुठून धरली जाते तेही बदलतं, आणि ते फक्त सेक्शनमध्येच कळतं.

दुरुस्तीला मी पडवीचा उतार १५ अंश करू पाहिला. काकांनी तोही उडवून लावला. एवढ्या सपाट कौलांवर आपल्याकडचा वाऱ्याचा पाऊस कौलाखालून मागे शिरतो. शेवटी मुख्य भिंत ६०० ने उंच केली, पडवीला २५ अंश दिले, आणि बाहेरच्या कडेला पावणेतीन मीटरहून जास्त उंची मिळाली. इथे मात्र रेविटने पैसे वसूल करून दिले. लेव्हलचा, म्हणजे उंचीच्या पातळीचा, एक आकडा आणि छपराचा उतार बदलला, आणि प्लॅन, चारी एलिव्हेशन (बाहेरून दिसणाऱ्या बाजू), सेक्शन, मोजमापाचा तक्ता सगळं पाठोपाठ बदललं. ऑटोकॅडमध्ये याला माझे दोन दिवस गेले असते आणि एखादं एलिव्हेशन हमखास जुनंच राहिलं असतं. 'रिव्हाइज इन्स्टंटली' यावरूनच रेविट हे नाव पडलं. २००० साली ते बाजारात आलं आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनीच विकत घेतली.

ऑटोकॅडवरून येणाऱ्याची खरी अडचण बटणांची नसते. तिथे भिंत म्हणजे दोन रेघा. इथे भिंतीला पाया, माथा, जाडी आणि माल द्यावा लागतो, आणि ते ठरवलं नसलं तरी सॉफ्टवेअर काहीतरी धरून चालतं. ते 'काहीतरी' सहसा आपल्या गावचं नसतं. तयार भिंतींच्या यादीत जांभा कुठून सापडणार? तो प्रकार आपणच करायचा. आधी खाणीवरून आलेला चिरा टेपने मोजा, कारण एका खाणीचा चिरा दुसरीशी जुळेलच असं नाही. आमच्या साइटवरचा १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच होता. अर्धा इंच सांधा धरला तर चौरस मीटरला साधारण १४ चिरे बसतात. भिंतींच्या तक्त्यात दार-खिडक्या वजा जाता क्षेत्रफळ मिळतं, त्याला १४ ने गुणा आणि फुटतुटीचे वरती धरा. मात्र दोन भिंती एकमेकींवर चढलेल्या असतील तर तेच चिरे दोनदा मोजले जातात. रेविट तशी सूचना देतं, आपण ती बंद करून पुढे जातो. जाऊ नका. कौलांचंही तसंच. प्लॅनवरून मोजलेलं क्षेत्रफळ फसवं असतं, ३० अंशाच्या छपराचं खरं क्षेत्र त्याहून १५ टक्क्यांनी जास्त भरतं. रेविटच्या तक्त्यात उताराचंच क्षेत्र येतं.

सर्व्हेची फाइल हा दुसरा खड्डा. मोजणीवाल्याकडून आलेल्या फाइलमध्ये बहुधा यूटीएमचे, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणारे, आकडे असतात, आणि रत्नागिरीत उत्तरेचा आकडा १८ लाख मीटरच्या पुढे जातो. ती तशीच त्या आकड्यांवर आणून बसवली की मॉडेल मूळ बिंदूपासून शेकडो किलोमीटरवर पडतं, रेघा थरथरतात, हॅच, म्हणजे आत भरलेल्या रेघांचे नमुने, विस्कटतात. फाइल मध्यावर आणा आणि खरे आकडे शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये, म्हणजे खऱ्या जागेच्या वेगळ्या नोंदीत, ठेवा. शिवाय ती लिंक करा, म्हणजे बाहेर ठेवूनच जोडा, इम्पोर्ट करून आत ओढू नका. इम्पोर्ट करून सुट्या रेघांत फोडली की शेकडो फालतू रेघांचे प्रकार फाइलमध्ये घुसतात आणि मग ते निपटत बसावं लागतं. घाटीच्या पायऱ्या आणि गडगे असलेली जागा असेल तर उतार नीट उभा करायला वेळ द्या. २०२४ च्या आवृत्तीपासून टोपोसॉलिड, म्हणजे जमिनीचं भरीव मॉडेल, आलं आहे, त्यात जोत्यासाठी कापलेली माती मोजता येते.

फॅमिली, म्हणजे दार-खिडकीसारखे तयार भाग, इंटरनेटवरून धडाधड उतरवू नका. एका सोफ्यापायी फाइल रडायला लागलेली मी पाहिली आहे. स्वतःची एक साधी, गज असलेली दोन दारांची लाकडी खिडकी करून बघा. लांबी-रुंदी बदलली की ती नीट ताणली जाते की नाही, एवढ्यावर महिनाभराचं शिक्षण होतं.

किबोर्डवरच्या जोड्या हाताशी हव्यात. डब्ल्यूए भिंतीला, एएल दोन गोष्टी रेषेत आणायला, टीआर जास्तीचं छाटायला, व्हीजी दिसणं-लपणं ठरवायला. "माझी भिंत गायब झाली" असं म्हणत कुणी आलं की दहातल्या नऊ वेळा ती व्हीजीमध्ये बंद असते.

पावसाळ्यात इथली वीज कशी असते ते सांगायला नको. सेव्ह करायची आठवण १५ मिनिटांवर लावा, यूपीएस घ्या. मूळ फाइलशेजारी ०००१, ०००२ अशा शेपटाच्या ज्या फाइली साठतात त्या कचरा समजून पुसू नका, त्या जुन्या प्रती आहेत. माझ्या एका सोबतिणीने आवराआवर म्हणून त्या उडवल्या आणि त्याच संध्याकाळी मूळ फाइल बिघडली.

आवृत्तीचंही आधी विचारून घ्या. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुनीत उघडत नाही आणि मागे फिरवण्याची सोय नाही. मुंबईच्या एका कन्सल्टंटने पाठवलेलं मॉडेल आमच्याकडे आठवडाभर तसंच पडून होतं. विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क शिकण्यापुरतं रेविट फुकट देतं, दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्यावर पैशाचं काम करायचं नसतं.

आणि हो, परवानगीचे नकाशे आमच्याकडून अजून डीडब्ल्यूजी या ऑटोकॅडच्या फाइलीतच जातात, तेव्हा ऑटोकॅड विसरू नका.

हल्ली साइटवर मी पडवीचा सेक्शन ए-थ्रीवर सगळ्यात आधी नेते. मिस्त्रीकाका चष्मा लावतात, तुळईखालच्या आकड्यावर अंगठा ठेवतात आणि मग बाकीचे कागद मागतात.