वाचायला वेळच मिळत नाही? आधी या चुका टाळा

डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी मी देवघेवीच्या टेबलावर बसते. या दिवाळीला अकरा वर्षं होतील. नोकरी मुंबईला, घरी सासूबाई आणि दहावीतला मुलगा, त्यामुळे ‘वेळ नाही’ म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको. तरीही जानेवारीत हौसेने वर्गणी भरलेले सभासद मार्च उजाडेपर्यंत दिसेनासे होतात, तेव्हा जीव तुटतो. बहुतेकांचं घोडं वेळेपाशी अडलेलंच नसतं. दरवर्षी त्याच त्या चुका होतात.

निवांत वेळेची वाट बघणं

सगळ्यात मोठी चूक हीच. ‘मार्चअखेर होऊ दे, मग बसते’, ‘मुलाची परीक्षा संपू दे, मग वाचते.’ मीही हे वर्षानुवर्षं केलंय. एकदा गणपतीला देवगडजवळ गावी जायचं ठरलं. दहा दिवसांची रजा होती. निवांतपणी वाचू म्हणून बाजूला काढून ठेवलेली नऊ पुस्तकं बॅगेत भरली. बॅग उचलताना नवऱ्याने विचारलंसुद्धा, “यात चिरे भरलेस काय?”

घरात बावीस माणसं. पहाटे उठून नारळ खवायचे, दोन्ही वेळच्या आरत्या, रात्री भजनं, मधे गौरींचा ओवसा. आठव्या दिवशी दुपारी पडवीत एकदाचं पुस्तक उघडलं. तीन पानं झाली न झाली तोच धाकटी जाऊ कापूस घेऊन वाती वळायला शेजारी येऊन बसली. तिच्याशी बोलायचं सोडून वाचत बसणं मला जमलं नाही, जमायलाही नको होतं. नऊच्या नऊ पुस्तकं तशीच परत आली. एकाच्या पुठ्ठ्याला ओल लागली, तो डाग अजून आहे.

परतीच्या गाडीत लक्षात आलं, की गावी जायच्या आधीच्या दोन महिन्यांत मी तीन पुस्तकं वाचून संपवली होती. तीही लोकलच्या लेडीज डब्यात, उभ्याने. तेव्हापासून निवांतपणाचा नाद सोडला. पुस्तक पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते आणि त्या कप्प्याची चेन लावत नाही. चेन उघडावी लागली की हात आधी मोबाइलकडे जातो. उभं राहून वाचायचं तर डाव्या हाताने वरची कडी धरायची, उजव्या हाताची करंगळी पुस्तकाच्या खालच्या कडेला टेकवायची आणि अंगठा मधल्या घडीत ठेवायचा. दीडशे-दोनशे पानांचं पुस्तक ठाण्यापर्यंत असं सहज पेलतं. अंगठ्यानेच पान सरकवायची सवय आठवड्याभरात होते. दुसरं पुस्तक स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर असतं. कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो दोन पानं सहज होतात. दिवसाला दहा पानं धरली तरी वर्षाची ३,६५० होतात, म्हणजे दोनशे पानांची अठरा पुस्तकं. आमच्या वाचनालयात वर्षाला अठरा पुस्तकं वाचणारे सभासद मी बोटांवर मोजू शकते.

पहिलंच पुस्तक आठशे पानांचं घेणं, आणि मग ते न सोडणं

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला, आयटीत नोकरीला होता. शाळेनंतर पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. त्याने कपाटातली सगळ्यात जाड ऐतिहासिक कादंबरी काढली. मी म्हटलं, “अरे, आधी एखादं लहान ने.” तर म्हणाला, “नाही काकू, सुरुवात दणदणीतच करायची.” मुदत वाढवून घेत चार महिने गेले. आणलं की मी बघायची, खूण शंभराव्या पानाच्या अलीकडेच. दुसरं काही वाचतोस का म्हटलं, तर, “हे संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय.” म्हणजे चार महिने तो काहीच वाचत नव्हता. जिद्द चांगलीच, पण तिने त्याचं वाचन अडवून ठेवलं होतं.

मी ती कादंबरी त्याच्या हातातून काढून घेतली आणि व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दिली. १९५५ सालची, लहानशी. पुढच्याच रविवारी पुस्तक वाचून परत. टेबलाशी येऊन त्याने पहिला प्रश्न विचारला, “काकू, माणदेश म्हणजे नेमका कुठे?” मी मागच्या भिंतीवरच्या नकाशावर आटपाडी दाखवली. तो बराच वेळ तिथे बोट ठेवून उभा होता. ती जाड कादंबरीही त्याने वाचली, पण पुढच्या वर्षी आणि तीन आठवड्यांत.

माझा स्वतःचा नियम तीस पानांचा आहे. तेवढ्यात जीव रमला नाही तर पुस्तक परत. त्यात लेखकाचा अपमान नाही. काही पुस्तकांची वेळ आपल्या आयुष्यात यायची असते, ती आली की तेच पुस्तक हातातून सुटत नाही.

पंधरा मिनिटांत सारांश ऐकणं

या शॉर्टकटचा मला मनापासून राग येतो. ‘बनगरवाडी’चा सारांश काय होईल? धनगरांच्या वाडीत तरुण मास्तर येतो, शाळा सुरू करतो, तालीम बांधली जाते, दुष्काळ पडतो, वाडी उठून जाते. घ्या, झाला. ज्याने एवढंच ऐकलं त्याला ती वाडी रिकामी होताना पोटात तुटेल का? पूर्ण पुस्तक भाजी निवडताना ऐकत असाल तर खुशाल ऐका, तेही वाचनच. सारांश मात्र वाचनात धरू नका.

बाकीच्या चुका

वर्षाला बावन्न पुस्तकांचा संकल्प करू नका. आकडा गाठायचा म्हणून डिसेंबरात पातळ पुस्तकं हुडकणारे मी पाहिलेत.

सवलत आहे म्हणून प्रदर्शनातून पिशवीभर पुस्तकं आणू नका. एक आणा, वाचा, मग दुसरं.

दिवाळी अंक वाचणं म्हणजे वाचन नव्हे, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कितीतरी घरांत वाचनाची गोडी त्यातूनच लागली. सुटलेल्या सवयीला कथा-लेखांएवढं चांगलं औषध नाही.

मोबाइल उशाशी ठेवून रात्री वाचायला बसू नका. तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. आणि रात्रीसाठी लहान प्रकरणांचं पुस्तक निवडा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त प्रकरणांना नावच ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ असं आहे. मुलगा सहावीत असताना आम्ही रोज एकेक रात्र वाचली. काही रात्री त्याने दिवा मालवू दिला नाही.

आणि तोंड चुकवणं

पुस्तक वाचून झालं नाही, मुदत उलटली, दंड वाढला, आता कसं जायचं म्हणून कित्येक जण वाचनालयाच्या गल्लीतून जायचंच सोडतात. एक आजोबा भाजीच्या पिशवीआड तोंड लपवून पुढे गेले होते, मला दिसले. दंड किरकोळ असतो हो. सहा महिन्यांनी आणलंत तरी मी पुस्तक घेते, फडक्याने पुसते, कार्डावर तारीख घालते आणि दुसरं काढून देते. रविवारी सकाळी नऊ ते बारा मी टेबलावरच असते.