मृगातल्या तेजोमेघाचा फोटो: पंख हवेत आणि गाभाही

मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली, दक्षिणेकडे, फिकट ताऱ्यांची छोटी ओळ लोंबते. तिच्या मधोमध दिसणारा धूसर ठिपका म्हणजे एम ४२, मृगातला तेजोमेघ. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरच्या या ढगात आजही तारे जन्मतात. डिसेंबर-जानेवारीतली अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा.

८० मिमी व्यासाची, ४८० मिमी फोकल लेंग्थची दुर्बीण, डीएसएलआर आणि मोटरचं विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक) एवढं पुरतं. काटकसर दुर्बिणीत करा, माउंटमध्ये नको. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो, आणि माउंटचा अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखायचा असतो, म्हणून उत्तर बाजू मोकळी हवी. ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही. पोलर स्कोपच्या (माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीच्या) वर्तुळावर त्याची त्या वेळेची जागा अॅपमध्ये पाहून अक्ष जुळवा.

फोकससाठी मृगातल्याच ठळक राजन्य (रायजेल) ताऱ्यावर दुर्बीण रोखून पुढे बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे फटींची चकती, लावा. ताऱ्यातून तीन रेघा निघतात. मधली रेघ उरलेल्या दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस झाला. मास्क काढायला विसरू नका. रात्र गारठते तशी नळी आकसते, म्हणून दर तासाला पुन्हा तपासा.

आता खरी अडचण. पंखांसारखे पसरलेले कडेचे पदर अतिशय मंद आहेत, गाभा मात्र भगभगीत. रॉ फॉरमॅट, आयएसओ ८०० ठेवून १२० सेकंदांच्या ६० फ्रेम घेतल्या की पंख येतात आणि गाभा पांढराफटक होतो. त्यामुळे लगेच १० सेकंदांच्या ३० फ्रेम वेगळ्या घ्या. त्यांतली एक कॅमेऱ्यावर मोठी करून पाहा: गाभ्यातल्या ट्रॅपेझियम या ताऱ्यांच्या झुबक्याचे चार तारे सुटे दिसायलाच हवेत. नसतील तर ५ सेकंदांवर या. ऑटोगायडर (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणारा छोटा कॅमेरा) नसेल तर लांब फ्रेममध्ये तारे लांबट होतील. तेव्हा ३० ते ६० सेकंदांवर थांबा आणि फ्रेमची संख्या वाढवा.

शेवटी झाकण लावून, दोन्ही एक्स्पोजरच्या प्रत्येकी २० डार्क, म्हणजे सेन्सरचा गोंगाट वजा करायच्या काळ्या फ्रेम, घ्या. मग नळीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून, लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर ३० फ्लॅट, म्हणजे धुळीचे डाग काढायला एकसारख्या उजेडाच्या फ्रेम. तोवर कॅमेरा आणि फोकस हलवायचा नाही, नाहीतर सेन्सरवरच्या धुळीचे डाग फोटोत तसेच राहतात. फ्लॅटचा कंटाळा करू नका.

सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही संच स्वतंत्र स्टॅक करा (प्रत्येक संचातल्या फ्रेम एकत्र करून एक फोटो बनवा), एकमेकांवर जुळवा आणि गिंप या फोटो-संपादकात लेयर मास्क (वरच्या थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारा मुखवटा) वापरून लहान एक्स्पोजरचा गाभा मोठ्यावर बसवा. मास्कची कड भरपूर धूसर ठेवा. तीक्ष्ण राहिली तर गाभ्याभोवती राखाडी कडं उमटतं.