भूकंपानंतरच्या नगररचनेचा अभ्यास करताना

भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीत काम करण्याच्या इच्छेने नगररचनेकडे वळणारे विद्यार्थी बहुधा भूकंपरोधक बांधकामापासून सुरुवात करतात. तो अभ्यास हवाच. तरीही माझा आग्रह असतो की, आधी जमिनीची मालकी आणि मोजणी समजून घ्यावी. हे मला गुजरातमधील कच्छच्या भूज शहरामुळे पटले.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तटबंदीच्या आतील भूजमध्ये गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की, दुतर्फा घरे कोसळताच वाटाच बुजल्या आणि मदत पोहोचणे कठीण झाले. रस्ते रुंद करायला हवेत, हे कोणालाही दिसत होते; पण त्यासाठी लागणारी जागा कोणाच्या तरी घराची होती. तेथे भूसंपादनाऐवजी नगररचना योजनेचा मार्ग घेतला गेला. सर्व मूळ भूखंड एकत्र विचारात घेऊन, प्रत्येकाचा काही हिस्सा रस्त्यांसाठी वळवून, उरलेली जागा शक्यतो त्याच परिसरात अंतिम भूखंड म्हणून मालकाला परत देण्यात आली, आणि लहान भूखंडांवर कपातीचा भार कमी ठेवला गेला. ही न्याय्य तरतूद मला संपूर्ण योजनेतील सर्वांत मोलाची बाब वाटते. या पद्धतीचे मूळ मुंबई प्रांताच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात आहे, त्यामुळे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

या पद्धतीची मर्यादाही तिच्या रचनेतच आहे. भूखंड मालकाच्या नावे असतो. वर्षानुवर्षे त्याच घरात राहिलेल्या भाडेकरूला त्यातून आपोआप काहीच मिळत नाही, आणि भूजमध्ये हा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला. याउलट, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. तेथील प्रश्न वेगळे आहेत, म्हणून दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत.

पदवीच्या काळातच आपल्या शहरातील एखाद्या जुन्या पेठेचा नगर भूमापन नकाशा मिळवावा आणि मिळकत पत्रिकेवरील (प्रॉपर्टी कार्डवरील) नावे, प्रत्यक्षातील भिंती व तेथे राहणारी कुटुंबे यांचा मेळ घालून पाहावा. वारसनोंद न झालेले वाडे, तोंडी वाटण्या, पोटभाडेकरू हे सारे तेव्हा समोर येते. या तपशिलांची नोंद करण्याचा सराव शांततेच्या काळातच व्हायला हवा, कारण भूकंपानंतर कागद आणि भिंती दोन्ही ढिगाऱ्याखाली असतात.